जुन्या यंत्राचा नाद

माणसाला एखादा छंद असावा, असे सगळेच म्हणतात. मात्र तो कोणता असावा हे ठरवण्याचा अधिकार शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे असतो. कोणी तिकिटे जमवतो, कोणी गुलाबाची कलमे करतो, कोणी पेटी वाजवतो. त्यांच्याविषयी कौतुकाने बोलले जाते. पण महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारा मनुष्य रविवारी सकाळी भंगाराच्या दुकानातून पोत्यात काहीतरी घालून आणू लागला, की गल्लीत कुजबुज सुरू होते. आमच्या बेळगावकडे छंद आणि नाद या दोन शब्दांत फार बारीक फरक करतात. छंद हा लोकांच्या कौतुकाचा विषय, तर नाद हा लोकांच्या काळजीचा. माझ्या बाबतीत गेली काही वर्षे दुसरा शब्दच वापरला जातो, आणि तो मला मान्य आहे.

मला नाद आहे तो टाकून दिलेल्या संगणकांचा. नव्या नव्हे, चांगल्या चाललेल्याही नव्हे. ज्यांचे आयुष्य संपले असे मालकाने ठरवून टाकले आहे, अशा संगणकांचा. त्यांना घरी आणावे, धूळ झटकावी, काय जिवंत आहे आणि काय मेले आहे हे पाहावे, दोन मेलेल्यांतून एक जिवंत करावा आणि मग त्याच्याकडून त्याला झेपेल असे काही काम करून घ्यावे, एवढेच. "याचा उपयोग काय?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. हा लेख म्हणजे ते उत्तर.

माझ्या संग्रहातला मुख्य संगणक म्हणजे ८०४८६ जातीचा प्रोसेसर असलेला एक पीसी. हा प्रोसेसर इंटेल कंपनीने १९८९ मध्ये बाजारात आणला. त्यात सुमारे बारा लाख ट्रान्झिस्टर आहेत. त्याचा पूर्वज ८०८६ हा १९७८ चा. त्यात होते एकोणतीस हजार. आजच्या प्रोसेसरमध्ये ही संख्या अब्जांत जाते. म्हणजे माझे यंत्र नव्यांच्या पंक्तीत बसवले तर फारच दरिद्री. पण १९९० च्या सुमारास याच यंत्राने बँका, पतसंस्था, छापखाने आणि कार्यालये चालवली आहेत, हेही खरे. मी ते २०१७ साली वजनावर घेतले. काट्यावर नऊ किलो भरले. किलोला तीस रुपये. दुकानदार भला माणूस, पैसे घेताना म्हणाला, "सर, पत्रा चांगला आहे. आतलं काढून टाका, कोथिंबीर लावायला बरं पडंल."

आतलेच तर मला हवे होते. पेटी उघडल्यावर पहिल्यांदा दिसली ती मदरबोर्डावरची घड्याळाची बॅटरी. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर निकेल-कॅडमियमची पिंपाच्या आकाराची बॅटरी डाख देऊन बसवलेली असे. वीस-पंचवीस वर्षांनी ती पाझरते, आणि पाझरलेला अल्कली द्रव तांब्याच्या बारीक वाटा खात जातो. हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखे दिसते. यावर औषध आपल्या स्वयंपाकघरात आहे. अल्कलीला उतारा आम्लाचा; लिंबाचा रस किंवा व्हिनेगर कापसाने लावावे, फेस येऊन थांबला की पुसावे, मग स्पिरिटने स्वच्छ करावे. आठवीच्या पुस्तकातले उदासिनीकरण मी मुलांना अनेक वर्षे शिकवत आलो; पण ते कामाला येताना पाहण्याची संधी मला या मोडक्या बोर्डाने दिली.

त्यानंतर मेमरीची गोष्ट. या बोर्डात तीस टाचांच्या लहान पट्ट्या बसतात, आणि त्या एकेकट्या चालत नाहीत. चारांचा संच लागतो. का? कारण प्रोसेसर एका वेळी बत्तीस बिट मागतो आणि एक पट्टी फक्त आठ देऊ शकते. आठ चोक बत्तीस. तीन पट्ट्या असल्या तरी यंत्र ढिम्म हलत नाही. मला मिळाल्या नेमक्या तीन. चौथीसाठी मी पाच महिने शोध घेतला. उद्यमबागेतल्या ओळखीच्या कारखानदारांना विचारले, कोल्हापूरला लग्नाला गेलो असता अक्षता पडल्यावर भंगाराच्या दोन दुकानांत डोकावून आलो. अखेर आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने कुठल्याशा जुन्या यंत्रातून काढलेली एक पट्टी पोस्टाने पाठवली. टाचा शाळेतल्या साध्या रबराने घासल्या, बसवली, आणि पडद्यावर आकडे मोजले जाऊ लागले. एक-एक मेगाबाइटच्या चार, म्हणजे चार मेगाबाइट मेमरी. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये चार गिगाबाइट असतील तर त्याच्या एक हजार चोविसाव्या हिश्शाइतकी. पण त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो फोन विकत घेताना झालेला नाही.

हार्डडिस्क मात्र मेलेलीच होती. तिच्या जागी जुन्या कॅमेऱ्यांत वापरत ते कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवले. हे कार्ड जुन्या डिस्कच्याच भाषेत बोलते; मध्ये फक्त टाचा जुळवणारा एक स्वस्त तुकडा लागतो. वीजपुरवठ्याच्या दोन जोडण्या शेजारी-शेजारी बसतात आणि त्या उलट बसल्या तर बोर्ड जळतो. त्यासाठी जुन्या दुरुस्तीवाल्यांचा एकच मंत्र: काळीशेजारी काळी. दोन्ही जोडण्यांच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. असे मंत्र कोणत्याही क्रमिक पुस्तकात नसतात. ते माणसाकडून माणसाला मिळतात, आणि माणसे निवृत्त झाली की जातात.

एवढा खटाटोप करून मिळाले काय? पहिली गोष्ट ही, की या यंत्रात काही झाकलेले नाही. नव्या फोनचे मागचे झाकण उघडायचे तर दुकानात जावे लागते, आणि उघडूनही कळत नाही. माझ्या यंत्रात मेमरी कुठे आहे, प्रोसेसर कुठे आहे, छपाईयंत्राकडे जाणाऱ्या आठ तारा कोणत्या, हे बोट ठेवून दाखवता येते. आपल्या प्रयोगशाळेत ८०८५ चे संच आहेत. १९७६ सालचा तो प्रोसेसर. त्याच्या नावातला पाच हा आकडा फक्त पाच व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर तो चालतो म्हणून आला. त्या संचावर एकेक आकडा बोटाने भरून दोन संख्यांची बेरीज करणारे विद्यार्थी वैतागतात, हे मी दरवर्षी पाहतो. पण तीच बेरीज सात रेघांच्या लाल अंकात उजळली की त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते, तेही पाहतो. यंत्राने केले असे त्यांना वाटत नाही. मी केले असे वाटते. हा फरक लहान नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दारिद्र्याने येणारी शिस्त. १९८१ साली इंग्लंडमध्ये सिंक्लेअर कंपनीने झेडएक्स-८१ नावाचा स्वस्त घरगुती संगणक विकायला काढला. त्यात मेमरी होती एक किलोबाइट. म्हणजे या लेखाचा एक परिच्छेदही त्यात धड मावला नसता. तरीही डेव्हिड हॉर्न यांनी त्यात बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम बसवला. तो अवघा ६७२ बाइटचा. किल्लेकोट करणे त्याला येत नसे, पण खेळायला प्रतिस्पर्धी म्हणून उभा राही. दोन खोल्यांच्या घरात पाच मुलांचा संसार करणाऱ्या आपल्या आयाबायांना या कौशल्याचे नवल वाटणार नाही. जागा कमी असली की प्रत्येक वस्तूला जागा ठरवून द्यावी लागते, आणि मग घर नेटके राहते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. ती गोष्ट १७९ या आकड्याची आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरवून द्यावा लागतो. भारतीय लिपींसाठी असे आकडे कसे ठरवावेत यावर कानपूरच्या आयआयटीत काम झाले, आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने ते जिस्ट या नावाने वाढवले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की नावाची संहिता प्रमाण केली. या मंडळींनी एक मोठी शहाणपणाची गोष्ट केली. देवनागरी, कन्नड, तेलुगू, बंगाली, गुजराती या लिपी दिसायला कितीही वेगळ्या असल्या तरी सगळ्या ब्राह्मीच्या लेकी. सगळ्यांची वर्णमाला अ-आ-इ-ई आणि क-ख-ग-घ अशीच चालते. तेव्हा आकडा लिपीला न देता वर्णाला द्यावा. देवनागरी क म्हणजे १७९, आणि कन्नड क म्हणजेही १७९. 'आई' हा शब्द यंत्राच्या लेखी १६५ आणि १६७. मग तो कोणत्याही लिपीत काढा. लिपी बदलायची असेल तर ओळीच्या आधी २३९ हा आकडा द्यायचा आणि त्यापुढे ६६ दिला तर देवनागरी, ७२ दिला तर कन्नड. बाकी मजकूर जसाच्या तसा.

कळफलकाचेही तेच. इन्स्क्रिप्ट नावाच्या रचनेत स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. आणि ज्या कळीवर मराठीचा क, त्याच कळीवर कन्नडचा क. एक लिपी टंकायला शिकलात की दुसरी आपोआप येते. आज जगभर वापरली जाणारी युनिकोड संहिता लिपींना वेगवेगळे आकडे देते. पण तिने मांडणी इस्कीवरूनच घेतली. म्हणून देवनागरी क तिथे २३२५ आणि कन्नड क ३२२१. फरक ८९६. ख घ्या, म घ्या, ळ घ्या. फरक ८९६ च.

ज्या गावात पाट्यांवरच्या अक्षरांवरून मोर्चे निघाले, डांबर फासले गेले, त्या गावात राहणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. मी त्या वादाविषयी इथे काही लिहिणार नाही. त्याची जागा वेगळी आणि त्यातली दुःखेही खरी आहेत. मी एवढेच म्हणतो, की नऊ किलोच्या त्या पेटीत १७९ च्या घरात दोन्ही क एकत्र नांदत होते, आणि मला ते पाहून बरे वाटले.

त्यातून एक काम सुचले. माझी धाकटी मावशी धारवाडजवळच्या एका गावात असते. आई थोरली. आईला सहाव्या वर्षी बेळगावला मामांकडे शिकायला ठेवले, ती मराठी शाळेत गेली. मावशी गावीच राहिली. गावात कन्नड शाळा, तीही चौथीपर्यंत. दोघींची घरातली बोली एकच, मराठी. पण एकीची अक्षरे देवनागरी आणि दुसरीची कन्नड. लग्ने झाल्यावर दोघी एकमेकींना पत्रे लिहीत. मावशी लिही ती कन्नड अक्षरांत मराठी. बेळगावात राहून आईला कन्नड अक्षरे वाचता येऊ लागली होती, सावकाश का होईना. लिहिता येत नसत. तिची उत्तरे देवनागरीत जात. मावशी ती कोणाकडून तरी वाचून घेई. कधी शाळेतले मास्तर, कधी दीर, पुढे हिंदी शिकलेला मुलगा.

आई २००९ मध्ये गेली. तिची त्रेचाळीस पत्रे मावशीने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. एकदा तिने तो डबा मला दाखवला आणि सहज म्हणाली, "सगळी तोंडपाठ आहेत बघ मला. पण एकसुद्धा मी वाचलेलं नाही."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. मी ती पत्रे तिच्या परवानगीने बेळगावला आणली.

कोणी म्हणेल, यासाठी भंगारातला संगणक कशाला? आजचा फोन एका क्षणात देवनागरीचे कन्नड करून देतो. हाताने लिहून काढली असती तरी चालले असते. दोन्ही खरे. पण मावशीचे डोळे बहात्तर वर्षांचे. फोनच्या काचेवरचे बारीक अक्षर तिला दिसत नाही आणि दिसले तरी हातात धरून ठेवावेसे वाटत नाही. शिवाय ज्याला नाद आहे त्याला सोपी वाट दाखवून उपयोग नसतो. मला ते काम शेवटच्या ठिपक्यापर्यंत स्वतः करायचे होते.

ठिपका हा शब्द मी मुद्दाम वापरला. एका कार्यालयाच्या लिलावातून मला नऊ सुयांचे डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्र मिळाले होते. त्याची रिबन आजही बाजारात मिळते, कारण कार्बन लावून प्रती काढायला दुसरे यंत्र चालत नाही. हे यंत्र अक्षर छापते म्हणजे सुया रिबनीवर आपटून ठिपके उमटवते. २७ आणि ७५ हे आकडे पाठवले, की ते चित्रे काढायला तयार होते. मग एकेक उभी रांग एका आकड्याने सांगायची. आठ सुयांपैकी सर्वांत वरचीला १२८, तिच्याखालचीला ६४, असे निम्मे-निम्मे करत शेवटचीला १. ज्या सुया हव्यात त्यांची बेरीज पाठवायची. एका इंचात बहात्तर ठिपके उंचीला, साठ रुंदीला. मी अक्षरासाठी चोवीस बाय चोवीसचा चौकोन धरला. म्हणजे एका ओळीसाठी छपाईचे डोके तीनदा जाणार, अक्षर आठ-साडेआठ मिलिमीटर उंच येणार, आणि एका ओळीत वीसेक अक्षरे मावणार. बहात्तर वर्षांच्या डोळ्यांना हे माप बरोबर.

आलेखाच्या कागदावर मी अक्षरे काढायला बसलो. कन्नड वर्णमालेत एकोणपन्नास अक्षरे. देवनागरी सरळ रेघांची लिपी. उभा दंड, आडवी शिरोरेषा, ठिपक्यांना सोयीची. कन्नड गोलाईची. तिथे ठिपके अडतात. माझी पहिली दहा अक्षरे मी कन्नड विभागातल्या एका सहकारी मित्रांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, "सर, तुमची अक्षरं उपाशी दिसतात. कन्नड अक्षराला पोट पाहिजे." आणि पेन्सिल घेऊन स्वतःच ठिपके भरायला बसले. त्यानंतर दोन महिने मधल्या सुट्टीत आम्हा दोघांसमोर चहा आणि आलेखाचा कागद असे. अक्षराच्या डोक्यावरच्या रेघेला कन्नडात तलेकट्टु म्हणतात आणि काही मात्रा लागल्या की ती गळते. जोडाक्षरातले दुसरे व्यंजन खाली लहान होऊन बसते, त्याला ओत्तक्षर म्हणतात. रफार आपल्याकडे डोक्यावर, त्यांच्याकडे अक्षराच्या मागून. हे सगळे मी वर्षानुवर्षे पाट्यांवर पाहत आलो होतो. पण पाहणे आणि काढणे यांत किती अंतर असते हे त्या कागदावर कळले.

काही गमती निघाल्या. कन्नडात ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन. मराठीचा ए त्यांच्या दीर्घ घरात जाऊन बसतो. 'दुसऱ्या' या शब्दातल्या ऱ चा आकडा कन्नडात अशा अक्षराला मिळतो, की जे जुन्या कन्नड काव्यात होते आणि आज वापरात नाही. शकट रेफ त्याचे नाव. माझे मित्र हसत म्हणाले, "तुमच्या मावशींना एकदम पंपाच्या काळात नेऊन ठेवाल!" तेव्हा तिथे साधा र ठेवला.

पहिले पत्र छापून मी धारवाडला घेऊन गेलो. मावशी ओसरीवर बसली, कागद मांडीवर घेतला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली. दोन ओळींनंतर थांबली आणि हसायला लागली. "अरे, हे काय? मी कीर्तनात बसल्यागत वाचतेय की!" ती 'घर' या शब्दाला 'घरऽ' वाचत होती, 'पाऊस' ला 'पाऊसऽ'. कारण सरळ आहे. कन्नडात लिहिलेला शेवटचा अ उच्चारतात. मराठीत आपण लिहितो पण बोलत नाही. कन्नड अक्षरांत मराठी लिहिताना मावशी स्वतः अशा ठिकाणी शेवटच्या अक्षराचा पाय मोडत असे. परत येऊन मी प्रोग्रॅममध्ये नियम घातला: शब्दाच्या शेवटी सुटे व्यंजन असेल तर त्यापुढे २३२, म्हणजे पाय मोडण्याचा आकडा, घालावा, 'व' आणि 'न' असे एकाक्षरी शब्द सोडून द्यावेत. शब्दाच्या मधले, 'करतो' मधल्या र सारखे, तसेच ठेवले. ते तिची जीभ सांभाळून घेते.

पत्रांबरोबर तिने हरिपाठही छापून मागितला होता. त्यालाही मी हाच नियम लावू लागलो, तर म्हणाली, "पत्रातल्यांचे पाय मोड. अभंगातल्यांचे नको. तिथं सगळी अक्षरं म्हणावी लागतात." मी चकित झालो. अभंग हा अक्षरे मोजून चालणारा छंद. त्यात शेवटचा अ मोजला जातो आणि म्हणताना उच्चारलाही जातो. हे छंदःशास्त्र चौथी शिकलेल्या मावशीला ठाऊक होते, कारण ती ते वर्षानुवर्षे टाळ हातात घेऊन म्हणत आली होती. प्रोग्रॅममध्ये आता एक प्रश्न येतो: पत्र की अभंग?

त्रेचाळीस पत्रे छापायला दीड वर्ष लागले. शेवटची पाच घेऊन गेलो तेव्हा मी तिला विचारले, "मावशी, ऐकलेलीच पत्रं ना ही सगळी? वाचून काही नवीन सापडलं का?"

ती म्हणाली, "नवीन काय असणार? पाऊस, आंबे, तुझा ताप, तुझ्या बाबांची बदली. मनातलं असं ती कधी लिहायचीच नाही. वाचणारा तिसरा असतो हे तिला ठाऊक होतं ना." मग बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "पण आता मध्ये थांबता येतं बघ. कुणी वाचून दाखवत असला की त्याला थांब म्हणता येत नाही."

यावर मी काही बोललो नाही. "उपयोग काय?" या प्रश्नाला याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही. यंत्राने तिला काही गुपित सांगितले नाही, ते नव्हतेच. वाचताना आपल्याला हवे तिथे थांबण्याचा जो हक्क आपण सगळे रोज न कळत वापरतो, तो एका बाईला तिच्या बहिणीच्या पत्रांपुरता मिळाला. तो १९८९ च्या प्रोसेसरने आणि नऊ सुयांनी दिला असला तरी त्याची किंमत कमी होत नाही.

भाषा आणि लिपी यांची गाठ आपण समजतो तितकी घट्ट नसते, हेही या उद्योगात मनावर ठसले. आपली मराठी विसाव्या शतकातही हिशेबात आणि दप्तरात मोडीत लिहिली जात होती. कोकणी गोव्यात देवनागरीत आणि रोमीत, तर कर्नाटकाच्या किनाऱ्यावर कन्नड अक्षरांत लिहिली जाते. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी असे तिन्ही भाषांतले लेख शेजारी-शेजारी कोरलेले आहेत. अंगरखा बदलला म्हणून माणूस बदलत नाही. तरी अंगरख्यावर माणसाचे प्रेम असते, आणि ते असावेही.

या छंदाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर उद्या एखादा उत्साही विद्यार्थी संकटात सापडेल. वीजपुरवठ्याची पेटी उघडू नये. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची म्हणतात, पण तिची लाट सव्वातीनशे व्होल्टपर्यंत चढते आणि पेटीतल्या कपॅसिटरमध्ये ती खटका बंद केल्यानंतरही काही काळ साठून राहते. काचेच्या जुन्या मॉनिटरला तर मुळीच हात लावू नये. डाख देताना खिडकी उघडी ठेवावी आणि नंतर हात धुवावेत, कारण जुन्या डाखात शिसे असते. आणि जे खरोखर मेले ते पुन्हा कचऱ्यात टाकू नये. तांब्यासाठी तारा जाळणारी पोरे मी पाहिली आहेत. तो धूर त्यांच्या छातीत जातो. इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी देशात २०१२ पासून नियम लागू आहेत, आणि २०२३ पासून ते नव्या स्वरूपात आले. यंत्र अधिकृत संकलकाकडे देणे हे त्या छंदाचेच शेवटचे काम समजावे.

सध्या हा संगणक पदार्थविज्ञान विभागाच्या मागच्या खोलीत आहे. आलेखाच्या कागदांची फाइल शेजारीच ठेवली आहे. तीत अजून काही ओत्तक्षरे काढायची राहिली आहेत, आणि माझ्या कन्नड मित्रांना आता उलटे काम हवे आहे. त्यांच्या घरी एक सून बेळगावच्या मराठी शाळेत शिकलेली आली आहे. ती कन्नड फडाफडा बोलते, पण सासऱ्यांच्या कविता तिला वाचता येत नाहीत. आकडे तेच आहेत. फक्त ७२ च्या जागी ६६ द्यायचा आणि देवनागरीची अक्षरे ठिपक्यांत बसवायची. दुपारी तीननंतर खोली उघडी असते. ज्यांना पेन्सिल नीट धरता येते आणि ज्यांना "उपयोग काय?" असे लगेच विचारावेसे वाटत नाही, त्यांनी यावे. कन्नड विभागातले येणार असतील तर फारच उत्तम. माझी अक्षरे अजूनही थोडी उपाशीच असतात.